पदवी नसलेल्यांनी काढलेली कॉलेजं

बारावीचा निकाल लागला की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "शिकून तरी कुठं नोकऱ्या लागतायत?" मग उदाहरणं निघतात. अमक्यानं शाळा सोडली आणि आज त्याच्या दारात ट्रक उभे आहेत, तमका एम.ए. झाला आणि घरी बसला. ही उदाहरणं खोटी नसतात. पदवी घेतलेली पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावताना दिसली की माझ्याही पोटात तुटतं. पदवीवाचून माणूस मोठा होतो, याबद्दल मला शंका नाही. पण असे जे खरोखर मोठे झाले त्यांनी पुढं काय केलं, हे पारावर कुणी सांगत नाही.

भाऊराव पाटील मॅट्रिकही झाले नव्हते. किर्लोस्करांचे नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले. धंद्याची जाण होती, माणसं जोडण्याची हातोटी होती; सुखानं पैसा करून राहता आलं असतं. त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसू लागली. तिथं धान्याची चणचण पडली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं आणि फी भरायची ऐपत नसलेली पोरं अंगमेहनतीची कामं करून तिथं शिकली. स्वतः मॅट्रिक न झालेल्या माणसानं एवढा जीव कॉलेजासाठी का टाकावा? मला वाटतं, नांगर विकताना त्यांनी जी घरं पाहिली त्यात याचं उत्तर आहे. अंगच्या धमकेवर एखादाच वर येतो. बाकीच्यांसाठी कुणीतरी सोय करावी लागते.

वसंतदादा पाटलांचं शिक्षणही शाळेतच थांबलं होतं. मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये त्यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पुढं त्यातून देणग्यांचा बाजार झाला, तो मला आजही बोचतो. तरी शेतकऱ्यांची कितीतरी पोरं त्याच कॉलेजांतून इंजिनिअर झाली.

कॉलेजवाचून मुलांचं एक वेळ निभावतं. गॅरेज असतं, मामाचं दुकान असतं, ड्रायव्हिंग असतं. बारावीनंतर घरी राहिलेल्या मुलीला मात्र स्थळं येऊ लागतात. "पोरगी शिकतेय" एवढं म्हणून बापाला पाहुणे थांबवता येतात. कॉलेजच्या तीन वर्षांत तिच्याकडे एसटीचा पास येतो, शिष्यवृत्तीसाठी स्वतःच्या नावाचं बँक खातं निघतं, चार माणसांत उठून प्रश्न विचारायची सवय लागते. नोकरी लागो न लागो, नको असलेल्या स्थळाला ती नाही म्हणू शकते. जीवनातलं यश म्हणून मी हेच मोजतो.

२०२४-२५ पासून राज्य सरकारनं केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि मराठा आरक्षणात बसणाऱ्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. तेव्हा पारावरची चर्चा राहू द्या. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आधी काढून आणा आणि मुदत संपायच्या आत मुलीचा अर्ज भरा.