इंजिनाचे पाणी

आमच्या ओळखीच्या सुशिक्षित मंडळींत दाराशी मोटार नाही असे घर आता विरळाच सापडेल. परंतु त्या मोटारीचे बॉनेट स्वतःच्या हाताने उघडून आत डोकावणारा गृहस्थ त्याहूनही विरळा. गाडीचा रंग, तिची आसने, तिच्यातील गाण्याचे यंत्र यांविषयी ही मंडळी तासन् तास बोलतील. मात्र रेडिएटरात पाणी किती आहे असा साधा प्रश्न कोणी केला, की तो आपल्या स्वयंपाकघरातील डबेच उघडून पाहू लागला आहे, अशा नजरेने त्याच्याकडे पाहतील. आम्ही स्वतः इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. यंत्रविद्येशी आमचा व्यवसायाने काडीचाही संबंध नाही. तथापि भूमसारख्या गावी राहून वैशाखात गाडी हाकणाऱ्या माणसाला या एका विषयापुरते पुन्हा विद्यार्थी व्हावेच लागते. आमचा हा वर्ग एका लिंबाच्या झाडाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. आणि तेथे शिकविणारे मिस्त्री आम्हांस ‘सर’ म्हणतात, हा केवळ त्यांचा विनय होय.

भूम हे बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेले तालुक्याचे गाव. बार्शीकडे जा, परांड्याकडे जा, खर्ड्याकडे जा, की येरमाळ्याकडे जा, रस्ता बहुधा उघड्याबोडक्या माळावरून चढतो आणि उतरतो. सावली थोडी, पाऊस बेताचा, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून जातो. अशा मुलखात माणसाला आणि इंजिनाला तहान एकाच वेळी लागते, व दोघांची तहान एकाच हंड्यातून भागवावी लागते. ही गोष्ट पुण्यामुंबईच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांस ती नेहमीची आहे.

इंजिन आणि पाणी यांचा संबंध या भागाला नवा नाही. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ साली ती लातूरला पोहोचली. त्या वाफेच्या इंजिनाला पाणी लागे ते उकळण्यासाठी. पाणी उकळले नाही तर ते इंजिन म्हणजे लोखंडाचा ढीग. मोटारीच्या इंजिनाचे सारे उलट! त्यालाही पाणी लागते. परंतु ते उकळू नये म्हणून. पाणी उकळले, की मोटारीचा प्रवास संपला. पहिले इंजिन पाणी खर्चून चालते आणि दुसरे पाणी राखून चालते, हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो; कारण पुढील सारे विवेचन त्याच्यावर उभे आहे.

मोटारीत जे पेट्रोल जळते त्याच्या उष्णतेपैकी चाके फिरविण्याच्या कामी येणारा भाग स्थूलमानाने तिसऱ्या हिश्शाच्या आतबाहेर असतो. जवळजवळ तितकीच उष्णता धुराच्या नळीवाटे निघून जाते, आणि उरलेली काढून टाकावी लागते. सिलिंडरात क्षणभर भडकणाऱ्या ज्वाळेचे तापमान दोन हजार अंशांच्या पलीकडे जाते; आणि ज्या ॲल्युमिनिअमचे आजकालच्या इंजिनाचे डोके घडवितात ती धातू साडेसहाशे-सातशे अंशांच्या दरम्यान वितळते. म्हणजे यंत्राचे आयुष्य अग्नीच्या बळापेक्षा त्या अग्नीची उष्णता वेळेवर वाहून नेण्यावर अधिक अवलंबून असते. कुंथलगिरीचा खवा ज्यांनी भट्टीवर आटताना पाहिला आहे, त्यांना हे चटकन उमगेल. कढईखाली जाळ असतो. पण दूध करपत नाही, कारण उलथणे अखंड फिरत असते आणि उष्णता एका जागी ठरू शकत नाही. इंजिनातील पाण्याचा पंप हे त्याचे उलथणे होय. तो थांबला, त्याचा पट्टा तुटला, की इंजिन करपलेच.

आरंभीच्या मोटारींना बरोबर पुष्कळ पाणी वाहून न्यावे लागे. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीला विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञाने मधमाशीच्या पोळ्यासारखी घडण असलेला रेडिएटर बसविला, आणि थोडेच पाणी पुनःपुन्हा वाऱ्यावर निववून काम भागविले. आजच्या गाडीत ही योजना अधिकच काटेकोर झाली आहे. थर्मोस्टॅट नावाची झडप इंजिन पुरते तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आणि ऐंशी-नव्वद अंशांच्या सुमारास आपोआप उघडते. झाकणाची स्प्रिंग आतील दाब वाढविते, त्यामुळे शंभर अंशांवर उकळणारे पाणी सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत दम धरते. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे हे साहस नव्हे, मूर्खपणा होय; दाब सुटताच ते पाणी वाफ होऊन तोंडावर उसळते. अर्धे कूलंट आणि अर्धे शुद्ध पाणी असे मिश्रण घातले, तर उकळण्याचा बिंदू आणखी थोडा वर जातो आणि आतील धातू गंजत नाही. आमच्याकडील बोअरचे पाणी जड. न्हाणीघरातील हीटरवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि दिसायला भरलेली गाडीही तापू लागते.

हे सारे आम्हांस मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितले होते. “सर, गाडीला पाणी पाजायचं नसतं. भरलेलं पाणी राखायचं असतं.” बंदिस्त यंत्रणेतील पाणी कमी होण्याचे कारणच नाही, ते कमी होत असेल तर ते कोठेतरी जात आहे, आणि कोठे जात आहे ते शोधणे हेच काम. रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतून समाधान मानणारा मनुष्य गाडीची सेवा करीत नाही, गळतीची करतो.

या वाक्याचा अर्थ आम्हांस पुरता कळला तो दोनतीन वर्षांपूर्वी, वैशाखातील एका दुपारी, बार्शीच्या रस्त्यावर. एक काळीपिवळी जीप कडेला उभी होती आणि तिच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. आत मागच्या आसनावर एक म्हातारबाबा आडवे झालेले; मुलगा उपरण्याने वारा घालीत होता. त्यांना बार्शीच्या दवाखान्यात न्यायचे होते. इंजिन निवेपर्यंत थांबून आमच्या गाडीतील पाच लिटरचा कॅन ड्रायव्हरने रेडिएटरात रिता केला. तेवढ्यात जवळच्या वस्तीवरील एक बाई डोक्यावर हंडा घेऊन आली. “घ्या दादा, वता. आजारी मानूस हाय आत,” असे म्हणून तिने तो खाली ठेवला. हंडा टँकरच्या पाण्याचा होता. ड्रायव्हरने तो ओतला, आणि आम्ही सर्वांनी पाहिले, की वरून पडलेले पाणी खालून धार धरून मुरमात जिरत आहे. हातभर लांबीची एक रबरी नळी बुडाशी फाटली होती. “दोन महिन्यांपासून पाझरत होती, सर,” ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, “रोज थोडं पाणी टाकून भागवत होतो.”

म्हातारबाबांना आमच्या गाडीत घेऊन आम्ही बार्शीस पोहोचविले. ते वेळेत पोहोचले. निघताना आम्ही त्या बाईला विचारले, “टँकर पुन्हा केव्हा येईल?” “परवा,” ती म्हणाली, आणि रिकामा हंडा उचलून चालू लागली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हांस काहीसे बरे वाटले असते. एका नळीकडे दोन महिने कोणी पाहिले नाही, त्याची किंमत जिने जीप कधी पाहिलीही नसेल अशा एका घराने दोन दिवस मोजली.

तेव्हापासून आम्हांस असे वाटते, की देखभालीचा आळस हा खाजगी दोष नव्हे. उकळल्यावर पाणी ओतण्याची आपणांस सर्वत्रच सवय जडली आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. जेथे एके काळी बार्शी लाइटची इंजिने पाणी पीत धावत, त्याच कुर्डुवाडी-बार्शीच्या वाटेने माणसांचे पिण्याचे पाणी गेले. ती गाडी आली हे योग्यच झाले. तहानलेल्याला आधी पाणीच दिले पाहिजे. परंतु टँकर काय आणि आगगाडी काय, हे सारे रेडिएटरावर ओतलेले हंडेच होत. झिरपलेले पाणी कोठे अडले नाही, कोणता बांध फुटला, कोणत्या तलावात गाळ साचला, हे फाल्गुनात पाहण्याचे काम आपण वैशाखावर ढकलतो.

कोणी म्हणेल, की आता गाड्यांत दिवे आहेत, काही बिघडले तर ते लागतातच. लागतात खरे, परंतु पुष्कळ गाड्यांतून तापमानाचा काटाच काढून टाकला आहे, आणि दिवा लागतो तो बहुधा तापल्यावर. आमचे एक तरुण सहकारी म्हणतात, की विजेच्या गाड्या आल्या म्हणजे ही कटकट संपेल. त्यांतील पुष्कळशा गाड्यांच्या बॅटऱ्याही द्रवानेच निवविल्या जातात, हे आम्ही त्यांस सांगितले, तेव्हा ते किंचित हिरमुसले.

आमचा स्वतःचा परिपाठ साधा आहे. होळीच्या आधी एका रविवारी, गाडी थंड असताना, आम्ही मिस्त्रींच्या शेडमध्ये जातो. नळ्या बोटांनी दाबून पाहतो. फुगलेली किंवा तडकलेली नळी बदलतो. पट्टा, पंपाखालचा ओलावा, पंख्याची चाल, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ नि किडे पाहतो. तेलही उष्णता वाहून नेते, म्हणून त्याची पातळी पाहतो. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले असे समजावे. ब्रेकचे तेल हवेतील दमटपणा शोषते आणि मग घाटाच्या उतारावर, नेमक्या वेळी, उकळून दगा देते. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलतो. टायरांतील हवा सकाळी, निवलेल्या गाडीची, मोजतो. प्रवासात काटा वर सरकू लागलाच तर एसी बंद करून हीटर चालू करावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येते. मे महिन्यात हीटर लावल्यावर आमच्या मंडळींची जी मुद्रा होते ती वर्णनापलीकडची आहे. पण तेवढ्याने गाडी सावलीपर्यंत जाते.

जुने कूलंट मात्र आम्ही कधीही गटारात किंवा माळावर ओतू देत नाही. ते चवीला गोडसर आणि पोटात अत्यंत विषारी असते. आमचा तालुका दुधाखव्यावर जगणारा. उन्हाळ्यात तहानलेले गुरू दिसेल त्या ओलाव्याला तोंड लावते. मिस्त्री ते झाकणाच्या डब्यात भरतात, त्यावर खडूने फुली मारतात आणि डबा उंच फळीवर ठेवतात. मग हात पुसून म्हणतात, “झालं, सर. आता पावसाळ्यापर्यंत पाण्याचं नाव काढू नका. फक्त बघत राहा.”