आकाश उघडणारे छप्पर

नाटकाचा तास घेताना रंगमंच आणि आकाश यांचे नाते सांगण्यासाठी मी अनेक वर्षे एक ठरलेला दाखला देत असे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात 1961 साली सिव्हिक अरेना नावाची वास्तू उभी राहिली. मोठ्या क्रीडागृहांना सरकते छप्पर देण्याच्या इतिहासाची सुरुवात बहुधा तिच्यापासूनच सांगितली जाते. वास्तविक ती कल्पिली गेली ऑपेरासाठी. उघड्यावरचे उन्हाळी प्रयोग पावसाने विस्कटत, म्हणून एडगर कॉफमन या धनिक व्यापाऱ्याने दहा लाख डॉलर देऊ केले. स्टेनलेस स्टीलच्या घुमटाच्या आठ पाकळ्या. दोन स्थिर, सहा सरकणाऱ्या. आत एकही खांब नाही. पाकळ्यांची वरची टोके बाहेरून वाकत आलेल्या 260 फुटी पोलादी बाहूने तोललेली. सुमारे अडीच मिनिटांत सरकत्या पाकळ्या स्थिर पाकळ्यांखाली जात आणि प्रेक्षकांच्या माथ्यावर तारे येत. पुढे ऑपेरा तिथून गेला. 1967 पासून पेंग्विन्स या आइस हॉकी संघाचे ते घर झाले.

हे सारे मी रंगवून सांगत असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, ''मॅडम, तिथं आधी काय होतं?'' मी म्हटले, ''मोकळी जागा असेल.'' तो काही बोलला नाही. रस्तारुंदीकरणात त्याचे घर नुकतेच पडले होते, हे मला सत्र संपताना कळले.

जागा मोकळी नव्हती. तिथे लोअर हिल ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती होती: घरे, दुकाने, चर्च, जाझचे अड्डे. 1956 पासून नगरविकासाच्या नावाखाली सुमारे 95 एकरांवरचे हे सारे पाडण्यात आले आणि आठ हजारांच्या आसपास माणसे विस्थापित झाली. पाडापाडी टेकडीवर आणखी वर सरकू लागली, तेव्हा रहिवाशांनी एका चौकात भलामोठा फलक उभारला. आशय एवढाच, की इथून पुढे पाऊल टाकू नका.

लाजिरवाणे हे, की याच टेकडीवर 1945 साली जन्मलेल्या ऑगस्ट विल्सन यांचे 'टू ट्रेन्स रनिंग' हे नाटक मी तोवर वाचलेले होते. काळ 1969, मेम्फिस नावाच्या माणसाचे उपाहारगृह नगरपालिका ताब्यात घेणार आहे. दक्षिणेतल्या जमिनीवरून तो पूर्वी एकदा हुसकला गेलेला आहे. आता तो 25,000 डॉलरची आपली किंमत धरून बसतो आणि अखेर 35,000 मिळवतो. मी या नाटकातली स्वगते, लय, प्रतीके यांवर टिपणे काढली होती. मात्र ते उपाहारगृह आणि माझा लाडका घुमट एकाच टेकडीवरचे आहेत, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. 'कोण बोलतो, कुठून बोलतो' हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना प्रत्येक संहितेला विचारायला लावतो. मी स्वतः मात्र प्रेक्षकाच्या खुर्चीत बसून वर पाहत राहिले होते.

म्हणून त्या अभियंत्यांचे कौशल्य खोटे ठरते का? मला तसे वाटत नाही. पाकळ्या सुंदरच होत्या, आणि 2011-12 मध्ये ती वास्तू पाडली गेली तेव्हा हळहळणारी माणसेही खरी होती. पण ज्यांच्या डोक्यावरचे साधे छप्पर आधी गेले, त्यांच्यासाठी शहराने त्याच गतीने काही उघडले नाही.

तो दाखला मी अजूनही देते. आता सुरुवात मेम्फिसच्या उपाहारगृहापासून करते आणि घुमटाकडे नंतर वळते. त्या विद्यार्थ्याचे उत्तर देणे राहूनच गेले. तो पुढच्या वर्षी वर्गात नव्हता.