रंगांचे पाठभेद

जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे स्कॅन करून ठेवण्याचे काम आम्ही दोघे गेली काही वर्षे सवडीने करीत आहोत. तो कागद फार काळ टिकणारा नाही. कोपरे मोडतात, घडीवरचा रंग झडतो, बांधणीतली पाने हात लावताच सुटतात. उद्या मूळ अंक उरला नाही, तर त्याच्या रंगाचा पुरावा म्हणून आमची फाइलच काय ती राहणार. अशा वेळी दीनानाथ दलालांच्या चित्रातला लाल एकाच्या मॉनिटरवर कुंकवाकडे आणि दुसऱ्याच्या मॉनिटरवर विटेकडे झुकू लागला, तर पुढच्या पिढीच्या हाती कोणता लाल द्यायचा?

वस्तुतः फाइलमध्ये रंग नसतोच. असतात ते आकडे. सामान्यतः लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रत्येकी ० ते २५५ असे प्रमाण तिथे नोंदलेले असते. त्या आकड्यांचा प्रकाश कसा करायचा, हे प्रत्येक मॉनिटर आपल्या प्रकृतीनुसार ठरवतो. साहित्याच्या अभ्यासकाला इथे पाठभेद आठवावेत, हे स्वाभाविक आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठांतरांनी अबद्ध झालेल्या ग्रंथाची. परंतु साम्य इथेच संपते. पोथीत लेखनिकाच्या हातून अक्षर बदलते. इथे अक्षर तेच राहते, बदलतो तो वाचणाऱ्याचा उच्चार.

या उच्चाराची लेखी नोंद म्हणजे प्रोफाइल. तिचे सर्वमान्य स्वरूप ठरावे, म्हणून १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केले. कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत भेद आहे. कॅलिब्रेशन म्हणजे मॉनिटरला ठरावीक स्थितीत आणणे. प्रोफाइल म्हणजे त्यानंतरही त्याच्या ठायी उरलेल्या लकबींचे वर्णन.

पद्धत तशी साधी. मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा. रात्री पडदा पिवळसर करणारी आणि उजेडानुसार प्रखरता बदलणारी सोय बंद ठेवावी. शुभ्रबिंदू ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि प्रखरता १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर, ही सर्वसाधारण उद्दिष्टे. मग कलरिमीटर पडद्यावर टेकवायचा; आज्ञावली एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवते, यंत्र ते मोजते आणि त्यातून प्रोफाइल तयार होते.

खरा गोंधळ होतो तो पुढे. मॉनिटरचे प्रोफाइल ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करायचे असते. फोटोशॉप ते तिथून आपणहून उचलते. फोटोशॉपच्या रंगविषयक मांडणीत कार्यक्षेत्र म्हणून मात्र एसआरजीबी किंवा अडोबी आरजीबी यांसारखी यंत्रनिरपेक्ष व्यवस्था निवडावी. तिथे मॉनिटरचेच प्रोफाइल बसवणे म्हणजे आपल्या गावची बोली प्रमाणभाषा म्हणून जाहीर करणे होय. फाइल जतन करताना तिच्यात प्रोफाइल अंतर्भूत करावे. नाहीतर आकडे राहतात, पण ते कोणत्या लिपीत वाचायचे हे हरवते. प्रोफाइल नुसते नेमून देणे आणि एका प्रोफाइलमधून दुसऱ्यात रूपांतर करणे यांतही अंतर आहे: पहिल्यात आकडे तेच राहून रंग बदलतो, दुसऱ्यात रंग शक्यतो तोच राखण्यासाठी आकडे बदलतात.

एवढे केल्यावर आमचे दोन लाल पुष्कळसे जवळ आले. पण त्यातून एक जुनाच वाद अधिक स्पष्टपणे समोर आला. यंत्र सांगते तो आजचा लाल, अनेक दशकांच्या उजेडाने आणि दमटपणाने फिकटलेला. छापखान्यातून अंक बाहेर पडला त्या दिवशीचा लाल कोणतेही प्रोफाइल परत देऊ शकत नाही. आमच्यापैकी एकाला तो मूळ तजेला पुन्हा आणावासा वाटतो. दुसऱ्याला ती लुडबुड वाटते.

आम्ही तूर्त संपादनशास्त्राचा आधार घेतला आहे. संपादकाने तर्काने सुचवलेला पाठ संहितेत मिसळू नये. तो कंसात द्यावा, वाचकाला वेगळा ओळखू यावा. म्हणून मुख्य फाइल आज दिसते तशीच राहील, रंगपट्टीच्या नोंदीसह आणि प्रोफाइलसह. उजळलेली प्रत शेजारी, वेगळ्या नावाने. दलालांचा लाल नेमका कसा होता, याची कल्पना करण्याचा अधिकार पुढच्या वाचकालाही असावा. आणि त्याने ती कल्पना कशाच्या आधारे करावी, ते आपण पुसून टाकू नये.