ॲटलसची चुंबळ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे चिरंजीव सहकुटुंब पुण्याहून धाराशिवास आले, तेव्हा नातवंडांस तेर दाखवून आणण्याचा योग आला. तेरणाकाठचे हे गाव गोरोबाकाकांचे म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु इतिहास शिकविण्यात आमचा जन्म गेल्यामुळे तेथे पाऊल ठेवताच आम्हांस आठवण होते ती एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नामक ग्रंथात त्याने या गावाचा 'तगर' म्हणून उल्लेख केला आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे फार मोठे नगर असून येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जाते, असे तो सांगतो.

लामतुरे वस्तुसंग्रहालयातील मातीच्या मूर्ती पाहत असता आम्ही ही हकीगत मोठ्या उत्साहाने कथन केली. नातू जांभया देऊ लागला. नात मात्र म्हणाली, "आजोबा, ग्रीक म्हणजे हर्क्युलिसच्या देशातले ना?" १९९७ साली निघालेला हर्क्युलिसचा चित्रपट तिने आईच्या मोबाईलवर पाहिला होता. असल्या करमणुकीविषयी आमचे मत वाचकांपैकी वडीलधाऱ्यांच्या मताहून निराळे नाही. परंतु तगराने जे साधले नाही ते त्या चित्रपटाने साधले होते, हे कबूल करणे भाग आहे.

बाहेर आलो तो एका दुकानाच्या भिंतीस जुनी ॲटलस सायकल टेकून ठेवलेली दिसली. पृथ्वीचा गोल खांद्यांवर पेलणारा पुरुष हे तिचे चिन्ह. सोनीपतच्या कारखान्यातून १९५१ पासून निघालेल्या या सायकलींवर आमच्या जिल्ह्याने दुधाच्या किटल्या वाहिल्या, ज्वारीची पोती वाहिली आणि पाण्याच्या घागरीही वाहिल्या. आम्ही नातवास विचारले, "तुझी सायकल कोणती?" तो उत्तरला, "हर्क्युलिस." मग काय! जवळच्या पारावर बसून आम्ही दोन सायकलींची गोष्ट आरंभिली.

देवांशी युद्ध केल्याबद्दल ॲटलसला शिक्षा झाली ती पृथ्वी नव्हे, तर आकाश पेलण्याची. गोल मागाहून चित्रकारांनी दिला. हर्क्युलिसला सोन्याची सफरचंदे हवी होती. "मी आणून देतो, तोवर आकाश तू धर," असे ॲटलस म्हणाला. फळे घेऊन परतल्यावर मात्र तो भार पुन्हा घेईना. तेव्हा हर्क्युलिस म्हणाला, "बरे तर. पण डोक्यावर चुंबळ ठेवीपर्यंत क्षणभर धर." ॲटलसने आकाश घेतले मात्र, हर्क्युलिस फळे उचलून चालता झाला! ही चुंबळ आमच्या पदरची नव्हे. जुन्या ग्रीक कथेत ती खरोखरच आहे. डोईवर घागर घेऊन जाणारी एक बाई आमचे बोलणे ऐकून हसली. तिला त्या कथेचे भाष्य करून सांगावे लागले नाही.

यशाने माणूस सैल होतो. आम्ही पुढे म्हणालो, "हर्क्युलिस म्हणजे आपला भीमच समजा." मुलांस ते पटले आणि आम्ही स्वतःवर खूश होऊन घरी परतलो.

रात्री अंथरुणे घातल्यावर नातीने विचारले, "आजोबा, त्याला बारा कामे का करावी लागली? चित्रपटात ते नीट सांगितलेच नाही." राजाची आज्ञा होती, असे सांगून आम्ही वेळ मारून नेऊ पाहिली. ती म्हणाली, "पण राजाने सांगितले म्हणून भीमाने ऐकले असते का?"

आता खरे सांगणे प्राप्त होते. चित्रपटात हेरा ही हर्क्युलिसची प्रेमळ आई आहे. मूळ कथेत ती त्याची सावत्र आई व हाडवैरीण. तिने त्याच्या अंगी वेड भरविले आणि त्या भरात त्याने स्वतःची मुले मारली. शुद्धीवर आल्यावर प्रायश्चित्त म्हणून त्याने ती सेवा पत्करली. भीमाच्या चरित्रात असे काही नाही. साम्य दाखवून मुलांस दारापर्यंत नेता येते. पण आम्ही त्या साम्याचाच पडदा करून दार लोटून घेतले होते.

नात बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "राग त्याचा नव्हता, तरी काम त्यानेच केले?"

"होय," एवढेच आम्ही बोललो. कारण ओसरीवर चिरंजीव बसले होते, आणि आम्हांस १९८६ सालची एक संध्याकाळ आठवत होती. ते तेव्हा पाचवीत होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी गणिताच्या पुस्तकात वेताळाच्या चित्रकथेचा अंक सापडला. आम्ही तो टराटरा फाडला आणि मुलास छडीने इतके मारले, की त्याच्या आईने मध्ये पडून आमचा हात धरला. असल्या वाचनाने मुले बिघडतात, हे आमचे तेव्हाचे तत्त्वज्ञान. त्याच मुलाच्या मुलांस आज चित्रपट आणि सायकलींच्या आधारे पुराणे शिकवून आम्ही शाबासकी मिळवीत होतो.

मुले निजल्यावर आम्ही ओसरीवर गेलो आणि म्हणालो, "त्या दिवशी आमचे चुकले." कोणता दिवस, हे चिरंजीवांनी विचारले नाही. काही वेळाने ते म्हणाले, "बाबा, त्या गोष्टीचा शेवट काय होता, ते मला अजून ठाऊक नाही."

सुट्टी संपून मंडळी पुण्यास गेली. तेव्हापासून आम्ही जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून तो अंक शोधीत आहो. अद्याप मिळालेला नाही. पण हे काम कोणा राजाने सांगितलेले नाही, म्हणून ते सोडताही येत नाही.