टाचेचा हिशेब

शरीरातले काही अवयव दुखू लागेपर्यंत त्यांची आपली ओळखच होत नाही. पोटरी संपून टाच सुरू होते तिथली जाड शीर त्यांतलीच. डॉक्टर तिला अकिलीस टेंडन म्हणतात. अकिलीस हा ग्रीकांचा महायोद्धा. आईने टाच धरून नदीत बुचकळला, म्हणून तेवढीच जागा कच्ची राहिली. मला कुणी बुचकळलं नव्हतं (घराच्या हप्त्यांत बुडालोय ते वेगळं), तरी सकाळी पलंगावरून उतरलो की पहिली दहा पावलं भिंत धरून!

आठ महिने गेले. रुईचं पान झालं, तापवलेली वीट झाली. शेवटी डॉक्टरांना म्हटलं, "एकदाचं ऑपरेशन करून टाका." मेडिकल रजेचा अर्ज मनात लिहून तयार होता.

"आधी बारा आठवडे जिना," डॉक्टर म्हणाले.

या जिन्यामागची कथा सांगतात ती अशी. स्वीडनमधले हाडांचे डॉक्टर होकन आल्फ्रेडसन यांची हीच शीर दुखू लागली. त्यांना ऑपरेशन हवं होतं, पण साहेब म्हणाले, तुम्ही रजेवर गेलात तर काम कोण करणार? (साहेब स्वीडनचा असो की सांगलीचा, साचा एकच.) आल्फ्रेडसन चिडले. शीर इतकी बिघडवतो, की ऑपरेशन करावंच लागेल! म्हणून मुद्दाम दुखेल असा व्यायाम धरला, आणि शीर चक्क बरी झाली. १९९८ साली त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवरचा प्रयोग छापला. बारा आठवड्यांनी पंधराही जण पुन्हा धावत होते. नामंजूर रजेने जगाचं भलं झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

कृती सोपी. पायरीच्या कडेवर चवडे टेकायचे, चांगल्या पायाने वर उचलायचं आणि दुखऱ्या पायावर सावकाश टाच पायरीखाली सोडायची. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन फेरे, वाकवून तीन; सकाळ-संध्याकाळ. थोडं दुखलं तरी चालतं, म्हणे. मात्र शीर हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल, तर टाच पायरीखाली न्यायची नाही, जमिनीवरच थांबायचं. मी कॉमर्सचा. दिवसाला १८०, चौऱ्याऐंशी दिवसांचे १५,१२०. एवढे तर मी नोकरीत शिक्के मारले नसतील!

तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, वॉचमन विचारत होता, साहेबांचं लिफ्टवरून कुणाशी भांडण झालंय का? पायरी चढतात नि तिथूनच परत उतरतात."

पहिले तीन आठवडे काही फरक नाही. मुलगी शाळेला निघाली की मी मागे लंगडत, आणि ती वळणावर माझ्यासाठी थांबलेली. पाचव्या आठवड्यात भिंत सुटली. दुखेनासं झालं की पाठीवर ओझं वाढवायचं असतं. घरात वजनं नव्हती, मुलीचं दप्तर होतं. इयत्ता चौथीचा अभ्यासक्रम पाठीवर घेऊन मी उरलेले आठवडे काढले.

आता शाळेपर्यंत दप्तर मीच नेतो. परवा वळणावर वळून पाहिलं, तर ती बरीच मागे होती. "बाबा, हळू ना!" म्हणाली.