राब आणि पाऊस

वैशाखात वेल्ह्याच्या खोऱ्यात, तोरण्याच्या पायथ्याला, भाताच्या खाचरांतून धूर उठत असतो. राब भाजणं चाललेलं असतं. शेण, पालापाचोळा, तोडून आणलेल्या फांद्या, गवत, वर मातीचा थर आणि मग वाऱ्याचा अंदाज घेऊन लावलेली आग. भारे वाहून बायामाणसांच्या माना आखडतात. एवढं करून हाती काय, तर काळी राख. पाऊस पडेपर्यंत तिच्यातून तरवा, म्हणजे भाताची रोपं, वर येत नाही. राब भाजला म्हणून पाऊस येत नाही, आणि पाऊस येणारच म्हणून इथला शेतकरी राब भाजायचा थांबत नाही.

मी ख्रिस्ती घरात वाढलो, त्यामुळे हा धूर पाहिला की मला निकदेम आठवतो. शास्त्र शिकलेला, नेमधर्म पाळणारा हा परूशी. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात तो रात्री येशूकडे येतो. त्याच्या आयुष्यात राबाची काही कमी नव्हती. येशू त्याला आणखी एखादा उपास सांगत नाही. नव्यानं जन्मायला सांगतो. निकदेम गोंधळतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं? उपास धरता येतो, दशांश देता येतो. जन्म कसा घ्यायचा? आपल्या जन्मासाठी कुणी कष्ट घेतल्याचं ऐकिवात नाही. कळा आईला येतात.

शेजारच्या भोर भागात हा प्रश्न फार जुना. १८९३ साली चार्ल्स रीव्ह यांनी पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन काढलं आणि त्याचे लोक भोर संस्थानातल्या नसरापूरला येऊन राहिले. त्या पठडीतला उपदेशक तुम्ही देवळात किती वेळा येता हे नंतर विचारतो. आधी विचारतो, नवा जन्म झाला का?

ह्या प्रश्नाचं मराठीतलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडतं. तीर्थं, व्रतं, अनवाणी प्रवास, पुराणं सांगत गावोगाव फिरणं, हे सगळं त्यांनी वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर लहानपणीच केलं होतं. दुष्काळात आईवडील उपासमारीनं गेले. पुढं २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, मग ते पुण्याला आणलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, आता आणखी काय राहिलं?

राहिलं होतं. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस वर्षानुवर्षं उपासना चालवत होता आणि १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या बाल्ढू गावात, स्वतःच्याच देवळात, स्वतःच्याच उपदेशाच्या मधोमध त्याचं अंतःकरण पालटलं. उपदेशकच उपदेशानं सापडला! (आमच्याकडं असं झालं तर मंडळी आधी पाळकाला पाणी देतील.) ते पुस्तक वाचून रमाबाईंना उमगलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत छापून सांगितलं. आधीच टीकेनं घेरलेल्या बाईनं एवढी मोठी उणीव चारचौघांत मांडावी, याला धैर्य लागतं.

आणि मग त्या स्वस्थ बसल्या का? उलट. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली नि विधवा घेऊन आल्या. केडगावात त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. म्हातारपणी मूळ हिब्रू-ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. कष्ट कमी झालेच नाहीत, वाढले. पण आता ती देवाकडं भरायची फेड नव्हती. पावसानंतर चिखलात उतरून लावणी करणाऱ्या माणसाची पाठही दुखतेच, फक्त तो आभाळाकडं बघून गयावया करत नसतो.

माझी तक्रार आहे ती आजच्या आमच्याच मंडळींबद्दल. नव्या जन्माचंही आम्ही एक कर्मकांड करून टाकलं आहे. तारीख सांग, जागा सांग, सभेत हात वर कर, रडलास का ते सांग. ज्याला तारीख सांगता येत नाही तो ईस्टरआधीच्या दुःखसहनाच्या काळात कितीही उपास धरो, मागच्या बाकावर. म्हणजे एक राब टाकून आम्ही दुसरा भाजायला घेतला, आणि ह्या वेळी त्यालाच पाऊस म्हणू लागलो. मला हे निकदेमाच्या नेमधर्माहून वाईट वाटतं. त्याला निदान आपल्याला कळत नाही एवढं तरी कळत होतं.

निकदेमाचा नवा जन्म कुठल्या दिवशी झाला, हे योहान सांगत नाही. एवढंच सांगतो की येशू क्रुसावर मेल्यावर, बाकीचे शिष्य पांगलेले असताना, त्याला पुरायला हा म्हातारा गंधरस आणि अगरू घेऊन आला. आजच्या मापानं ते तीस किलोंच्या वर भरतं.