तेलाचा डाग आणि तेलाचा उगम

जुन्या मोटारीतून तेल गळणे ही नवलाची गोष्ट नव्हे. ज्या काळात या गाड्यांची इंजिने आखली गेली, त्या काळात धातूच्या दोन भागांमधली फट बुजवण्याचे काम बुचाच्या सालीकडे आणि जाड कागदाकडे सोपवलेले असे. बूच वाळले की आकसते, कागद तापून कडक होतो आणि तेल आपली वाट शोधते. नवल असलेच तर ते दुसऱ्याच गोष्टीचे आहे. डाग जिथे दिसतो तिथे गळती क्वचितच असते. तेल उतरणीने खाली येते, चालत्या गाडीतल्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, एखाद्या कडेला धरून सरपटते आणि ज्या टोकाशी त्याला आधार उरत नाही तिथून थेंब होऊन पडते. जमिनीवरचा डाग एवढेच सांगतो, की वर कुठेतरी काहीतरी सुटले आहे.

आमच्याकडे 1986 साली नोंदलेली एक प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. कुळाने ती इटलीच्या फियाट 1100 या गाडीची भारतीय लेक. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळाले. 1089 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, बिडाचा ब्लॉक, त्यावर अॅल्युमिनियमचे हेड, आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबालाच जोडलेला. ज्यांनी ही गाडी घेतली त्या पिढीने तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. आज तिच्याकडे पाहताना ती प्रतीक्षा आठवत नाही. आठवते ती मुंबईची काळी-पिवळी. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात या जातीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होते. आता जो भाग मोडेल तो मिळेलच असे नाही.

म्हणूनच गेल्या पावसाळ्यात गाडीखालचा डाग वाढू लागला, तेव्हा प्रश्न केवळ डागाचा राहिला नाही. गृहसंस्थेचे पत्र आले; वाहनतळाच्या फरशीवर तेल आहे आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते गटारात जाते, ही त्यातली तक्रार रास्त होती. एका गॅरेजने वरवर पाहून निकाल दिला, की इंजिन उतरवून सगळेच उघडावे लागेल. घरातले एक मत असे, की एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी भंगारात द्यावी. पन्नास वर्षांपुढच्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता देणारे नियम 2021 साली आले. पण आमची गाडी त्या वयाची नाही. ती नुसती जुनी आहे, आणि नुसत्या जुन्या गोष्टीची बाजू घेणारा कायदा नसतो. इंजिन उघडावे तर आत जे अजून जागच्या जागी आहे तेही हलणार, एखादा खिळखिळा झालेला भाग निघताना मोडणार आणि त्याच्या जागी बसवायला दुसरा सापडणार नाही, ही भीती खरी होती. न उघडावे तर गाडी ठेवता येणार नव्हती.

अशा वेळी नाना पेठेजवळचे एक वयोवृद्ध मिस्त्री आमच्या मदतीला आले. आम्ही त्यांना फरशीवरचा डाग दाखवू लागलो, तर ते म्हणाले, “सर, तेल कुठं पडतंय ते राहू द्या. कुठून निघालं ते बघू.” त्यांनी प्रथम काहीच उघडले नाही. रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन वरपासून खालपर्यंत धुतले, कोरडे पुसले आणि त्यावर खडूची पूड भुरभुरवली. मग इंजिन सुरू करून अर्धा तास ते विजेरी घेऊन नुसते पाहत बसले. जिथून तेल निघते तिथे पांढऱ्या पुडीवर प्रथम एक काळपट ओलसर रेघ उमटते. नंतर ती खाली ओघळते. या कामाचा नियम एकच : पाहायला वरून सुरुवात करायची. सगळ्यात उंचावरचा ओलावा हा पहिला संशयित. त्याचा निकाल लागल्याशिवाय खालच्या कोणत्याही ओलाव्याला जबाबदार धरायचे नाही, कारण खालचे सगळे वरच्याचेच ओघळ असू शकतात.

हे पाहताना आम्हाला आमच्या वर्गातला एक जुना विषय आठवल्यावाचून राहिला नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते आणि ते काम 1966 साली पुरे झाले. पाठचिकित्सेचा पहिला धडा असाच आहे. चूक पोथीतून पोथीत खाली वाहत जाते. एखादा पाठ शंभर पोथ्यांत आढळला, म्हणून तो मूळचा ठरत नाही. त्या शंभरही एकाच भ्रष्ट प्रतीवरून उतरवलेल्या असू शकतात. म्हणून डाग मोजायचे नसतात, उगमाकडे चढत जायचे असते. विद्यार्थ्यांना ही गोष्ट वंशवृक्ष काढून समजावताना आम्हाला जेवढे कष्ट पडतात, तेवढे खडूच्या पुडीला पडले नाहीत.

पहिली रेघ उमटली ती सर्वांत वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. झाकण काढल्यावर कारण दिसले. बुचाचे पॅकिंग वाळून बिस्किटासारखे झाले होते आणि पत्र्याच्या झाकणाची कड, जिथे जिथे नट बसतो तिथे तिथे, खाली दबलेली होती. मिस्त्रींनी झाकण उजेडात आडवे धरून दाखवले. “गळतंय म्हणून आवळलं, आवळलं म्हणून वाकलं, वाकलं म्हणून पुन्हा गळतंय.” इतक्या वर्षांत ही गाडी किती हातांखालून गेली असेल, याचा जणू तो जबाबच होता. प्रत्येक हाताने गळतीवर तोच एक उपाय केला आणि प्रत्येक उपायाने गळतीची थोडी सोय केली. मिस्त्रींनी झाकण लाकडी ठोकळ्यावर ठेवून कड हलक्या हाताने ठोकून सपाट केली, नवे बुचाचे पॅकिंग बसवले आणि नट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळले. बूच हे दबून बसणारे द्रव्य आहे, चिरडून बसणारे नव्हे. भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एका ओकवृक्षाची ती साल. झाड न तोडता सुमारे नऊ वर्षांनी एकदा ती सोलतात. तिच्या सूक्ष्म पोकळ पेशींत हवा असते, म्हणूनच ती दबते आणि पुन्हा फुगते. अति आवळले की तो गुणच नाहीसा होतो.

डाग निम्म्याने कमी झाला, पण थांबला नाही. दोन आठवड्यांनी दुसरी रेघ निघाली, पुढच्या बाजूला, टायमिंग कव्हरच्या सांध्याशी. पहिल्या दिवशी ही जागा अगदी कोरडी होती. मिस्त्रींनी या वेळी पाना हातात घेतला नाही. इंजिन चालू ठेवून तेल ओतण्याच्या तोंडाचे झाकण काढले आणि त्यावर कागदाचा कपटा धरला. तो हातातून उडून गेला. “पोटात वारा कोंडलाय,” ते म्हणाले. “एक दार बुजवलं तर तो दुसरं उघडणार.”

याचा खुलासा असा. सिलिंडरात स्फोट होतो तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली इंजिनाच्या पोटात उतरतोच. धडधाकट इंजिनातही तो उतरतो. त्याला बाहेर नेण्यासाठी ब्रीदरची नळी असते. ती तुंबली, की आत दाब वाढतो आणि सर्वांत दुबळ्या सांध्यातून तो तेलाला घेऊन बाहेर पडतो. गाडीचा जोर कायम होता, धूर निळा नव्हता, तेव्हा रिंगांवर पहिला संशय घेण्याचे कारण नव्हते. मिस्त्रींनी ब्रीदरची रबरी नळी सोडवून तीत फुंकर मारली. वारा पलीकडे गेला नाही. बाहेरून ती धड होती. आतून तेलाने फुगून, मळीने भरून तिचे तोंड मिटले होते. नवी नळी लावली, ब्रीदरची वाट साफ केली आणि कपटा पुन्हा त्या तोंडावर धरला. तो किंचित थरथरला, एवढेच. टायमिंग कव्हरचा सांधा त्यानंतर न उघडताच कोरडा राहिला. जी गळती बंद करण्यासाठी इंजिन उतरवायला सांगितले होते, ती हातभर नळीने थांबली.

रूपकांचा मोह आम्हा साहित्यवाल्यांना फार. तेव्हा इथे एक भेद नोंदवणे आवश्यक आहे. यंत्राच्या बाबतीत तर्क केला, की अर्ध्या तासात त्याची परीक्षा होते; रेघ उमटते किंवा उमटत नाही. संहितेच्या बाबतीत अशी पूड आपल्यापाशी नाही. एखाद्या कादंबरीतले वैगुण्य लेखकाच्या भाषेत आहे, रचनेत आहे की त्याहून वर, त्याला जे बोलता आले नाही त्यात आहे, हे आपण युक्तिवादाने सांगतो आणि आपला युक्तिवाद कोणतेही इंजिन सुरू करून पाहता येत नाही. म्हणून आपण अधिक सावध असायला हवे. प्रत्यक्षात घडते ते उलटेच. जिथे डाग दिसला तिथेच दोष आहे असे म्हणून मोकळे होणारे परीक्षण आपण रोज वाचतो. जिथे खरी गोष्ट कोंडलेली आहे, ती नळी तपासायला वेळ लागतो आणि बाहेरून ती धडच दिसत असते.

गाडी आता घरात राहणार आहे. गृहसंस्थेला फरशी स्वच्छ करून दिली आणि त्यांनी पत्र मागे घेतले. मात्र गळती संपूर्ण थांबली असे म्हणता येणार नाही. आठवड्याला एखादा थेंब इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या सांध्याखाली अजून पडतो आणि त्याचा उगम पाहायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तिथले तेल क्लचपर्यंत पोहोचले तर क्लच घसरू लागेल; तसे काही लक्षण अद्याप नाही. मिस्त्रींचा सल्ला असा, की खाली पत्र्याचा ट्रे ठेवा, दर आठवड्याला तेलपट्टी काढून पातळी पाहा, आणि थेंबांचे ओघळ झाले तरच उतरवा. सुकथनकरांच्या आवृत्तीत ज्या पाठाची खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ असते. तो पाठ खोडलेला नसतो आणि निःशंकपणे स्वीकारलेलाही नसतो. अज्ञान जिथे आहे तिथेच ते उघडपणे नोंदवण्याची ही रीत आम्हाला मिस्त्रींच्या ट्रेमध्येही दिसली.

या निमित्ताने आम्ही गाडीसाठी एक वही घातली आहे. कोणते पॅकिंग कोणत्या तारखेला बदलले, कोणती नळी कोणत्या मापाची बसवली, हे तीत लिहिले आहे. मागच्या थेंबासाठी एक पान राखले असून त्यावर तारखा आहेत, निष्कर्ष नाही. आमच्यानंतर ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला, काय दुरुस्त केले यापेक्षाही काय जाणूनबुजून तसेच ठेवले, हे कळणे अधिक उपयोगाचे ठरेल.